डोहाळ्याचं कवठ

नद्यांवर पूल नव्हते, त्या काळची ही गोष्ट. एका नदीकाठी पहाटे बाजार भरायचा आणि ऊन वर आलं की उठायचा, कारण विकणाऱ्या बायांना पहिल्या नावेने पलीकडे शेतावर जायचं असे. ओली मेथी, माशांच्या पाट्या, कोंबड्यांचा कलकलाट. पोट भरलेल्यालाही भूक लागावी, असा तो बाजार!

एकदा प्रवासात एक तांबट तिथे उतरला. लेकीच्या सासरी निघाला होता. लेकीला सातवा महिना, आणि तिने निरोप धाडला होता, "बाबा, दुसरं काही नको, फक्त पिकलं कवठ आणा." माणूस मायाळू, पण आपल्याला कुणी फसवू शकत नाही याची भारी घमेंड.

ठकूबाई नावाच्या म्हातारीपुढे कवठांची पाटी होती. "कशापायी हवीत, पाव्हणं?" तिने विचारलं.

गरज कळली की ही भाव चढवणार, असं तांबटाच्या मनाने घेतलं. "काही नाही, बैलाच्या आंबोणात घालायचीत," तो म्हणाला.

"मग ही न्या की." तिने वरवरची कवठं अगदी स्वस्तात त्याच्या पिशवीत ओतली. स्वारी खूश झाली आणि नावेची वाट पाहत तिथेच टेकली.

तोवर ठकूबाईकडे गिऱ्हाइकं येत-जात राहिली. उजाडता उजाडता एक बाई आली. "आजी, जावेला डोहाळे लागलेत."

ठकूबाईने फडक्याखालून एक कवठ काढलं आणि हातभर उंचीवरून जमिनीवर टाकलं. धप्प आवाज आला. "पिकलंय. येवढंच उरलं बघ. पैसं ऱ्हाऊ दे, डोहाळ्याचं मोल या बाजारात कुनी घेत न्हाई."

तांबटाने आपलं एक कवठ टाकून पाहिलं. ते चेंडूसारखं उसळलं. दुसरं उसळलं, तिसरंही.

तिकडे नावाडी हाका मारू लागला. बिचारा लाज गिळून म्हातारीपुढे उभा राहिला. "आजी, मी खोटं बोललो. मलाही डोहाळ्यासाठीच हवं होतं."

ठकूबाईने त्याला नीट न्याहाळलं. "तुमच्या बैलाला कितवा म्हैना, पाव्हणं?"

सारा बाजार हसला. तांबटाचे मात्र डोळे भरून आले. "माझ्या लेकीला सातवा," तो म्हणाला.

म्हातारी विरघळली. "अवो, मग आदी सांगायचं व्हतं. तुमी आलात तवा धा पिकली व्हती फडक्याखाली. समदी दिली असती."

ती बाई जायची थांबली. "आजी, हे फोडा. अर्धं जावेला, अर्धं यांच्या लेकीला."

केळीच्या पानात बांधलेलं अर्धं कवठ घेऊन तांबट लेकीकडे पोचला. तिने ते गुळाबरोबर खाल्लं, कवच बोटाने पुसून पुसून चाटलं आणि विचारलं, "बाबा, एवढंच मिळालं?"

बाजारोबाजारी जीभ चालवणाऱ्या त्या बापाने कच्च्या कवठांची पिशवी हळूच पाठीमागे सरकवली.

तेव्हा लहानथोरांनो, एवढं ध्यानात ठेवा: जो आपली गरज लपवून मागतो, त्याला चांगली माणसंसुद्धा हवं ते देऊ शकत नाहीत.