वीट आणि आगीचं दार

फार जुनी नाही, एका सात मजली इमारतीतली ही गोष्ट. तिसऱ्या मजल्यावर जिन्याला आगीचं दार होतं. धूर अडवायला आपोआप मिटणं, एवढंच त्याचं काम. पण वारा यावा म्हणून रहिवाशांनी त्याच्या पायाशी वीट लावली होती.

"सरक गं बाई," दार म्हणे.

"तपासणीला सरकते की!"

खरंच, वर्षातून एकदा अग्निशमन दलाचे साहेब तपासणीला यायचे, तेव्हा सेक्रेटरी मोघेकाका विटेला चपलांच्या कपाटात लपवायचे. दार नीट मिटायचं, साहेब सही करून जायचे आणि वीट पुन्हा जागेवर यायची.

एका दुपारी तळमजल्यावर मीटरच्या खोलीत आग लागली. काळा धूर जिना चढू लागला.

"सरक! आत माणसं आहेत!" दार ओरडलं.

"मला पाय आहेत का?" वीट रडकुंडीला आली. धूर दिसताच ती म्हणाली, "अरे, आज तपासणी नाही!"

"मी तारीख कळवून येत नाही," धूर म्हणाला.

तेवढ्यात मोघेकाका खोकत, चाचपडत आले आणि त्यांनी वीट ओढून काढली. दार धाडकन मिटलं. धूर जिन्यातच राहिला, माणसं वाचली.

आठवड्याने शेजारच्या सुलभाताई म्हणाल्या, "काका, वारा येत नाही हो. ती वीट कुठे ठेवलीत?"

दाराने श्वास रोखला. मोघेकाका कपाटाकडे बघू लागले.