टाकीवरची गादी

"चाचा, पेट्रोलची टाकी कुठं बसवलीय ते ओळखा बघू."

दाऊदचाचांनी होडीभोवती एक फेरी मारली. साठ वर्षं त्यांनी या खाडीकाठी होड्या बांधल्या होत्या. आता हात थरथरायचे.

विश्राम चार वर्षं त्यांच्याकडे शिकला होता. पण ही होडी त्याने एकट्याने बांधली. घरामागच्या पडवीत, दोन पावसाळे. सोळा फूट लांब, पेट्रोलचं इंजिन. चाचांना बोलावलं ते आज, सगळं झाल्यावर, होडी खाडीच्या वाळूत आणून.

"वास तर येत नाही," चाचा म्हणाले.

"कसा येईल?"

विश्रामने मधल्या बैठकीवरची लाल गादी उचलली. हाताने शिवलेली, जाड टाक्यांची. खाली लाकडी पेटी. झाकणाला कडेने रबर, इतकं घट्ट की सुरीचं पातं शिरलं नसतं. आत टाकी.

चाचांनी ती हलवून पाहिली. हलली नाही.

"पट्टे चांगले."

"खाली रबर घातलंय. घासू नये म्हणून."

"नळीला दोन-दोन क्लिपा… कुणी शिकवलं?"

"तुम्हीच."

चाचा गालात हसले. मग त्यांचं बोट टाकीच्या माथ्यावरच्या बारीक नळीवर थांबलं. टाकी श्वास घेते ती नळी. वीतभरच होती. पेटीतच संपत होती.

"ही बाहेर नाही काढलीस?"

"बाहेर काढली की वास येतो." विश्रामने गादीवरून हात फिरवला. "आईसाठी केलंय, चाचा. ही बैठक तिची."

चाचांना सगळं ठाऊक होतं. मागच्या वर्षी भाड्याच्या होडीत, नाकाशी लिंबू धरूनही, पेट्रोलच्या वासाने ती इतकी ओकली की पुन्हा होडीत पाय ठेवला नाही. पलीकडच्या काठावर तिची थोरली बहीण अंथरुणाला खिळली होती. रस्त्याने जायचं तर तीन एसट्या बदलाव्या लागत. आई रोज संध्याकाळी धक्क्यावर उभी राहून पलीकडची कौलं बघायची.

येत्या गुरुवारी ती या होडीत बसणार होती.

"थेंबभर वास येणार नाही तिला," विश्राम म्हणाला. "पैज लावतो."

चाचांनी झाकण लावलं. गादी ठेवली. तिच्यावर मांडी घालून बसले.

मग कानावरची पेन्सिल काढून त्यांनी विडीसारखी ओठात धरली.

"माचिस आहे?"

होती. होडीच्या पूजेसाठी नारळ, अगरबत्ती आणि माचिस आणलेली होती.

"पेटव."

"चाचा, ती पेन्सिल आहे."

"मला दिसतंय. पेटव."

विश्राम हसला. काडी काढली. माचिसला टेकवली…

हात पुढे गेला नाही.

"वास येतोय?"

"नाही."

"मग?"

विश्रामने काडी माचिसपासून दूर घेतली.

चाचांनी ओठातली पेन्सिल पुन्हा कानावर ठेवली. त्याच्या बोटांतून काडी काढली, माचिस काढली, आपल्या सदऱ्याच्या खिशात टाकली.

"हाताला ठाऊक होतं तुझ्या," ते म्हणाले. "त्याला विचारायचं राहिलं."

विश्राम होडीच्या काठावर बसला. त्याने इंजिनाकडे बघितलं, मग चाचांखालच्या गादीकडे.

"चावी मीच फिरवणार होतो, चाचा. एक ठिणगी, आणि ती इथं, कोंडलेल्या वाफेवर…"

"अजून बसायचीय ती. टाकी काढ."

टाकी निघाली. दूर आंब्याच्या सावलीत गेली. झाकण उघडं टाकून दोघं दुपारपर्यंत काठावर बसले. खाडीवरचा वारा पेटीत शिरत होता, निघत होता. चाचांनी डबा उघडला. भाकरीचा अर्धा तुकडा पुढे केला. विश्रामने घेतला, पण खाल्ला नाही.

"खा. उपाशी माणसाचं भोक वाकडं पडतं."

त्याने खाल्ला.

मग चाचांनी हत्यारांच्या पिशवीतून गिरमीट काढून त्याच्यापुढे धरलं. विश्रामने होडीच्या बाजूवर खूण केली. निळा रंग परवाच वाळला होता, आरशासारखा. गिरमिटाचं टोक टेकवून तो थांबला.

"दोन पावसाळे लागले, चाचा. माझ्या हाताने भोक पाडू?"

चाचांनी आपला थरथरता हात त्याच्या हातावर ठेवला.  आणि दाबला.

निळा भुसा पडला.

तीन भोकं झाली, तिन्ही पाण्याच्या खूप वर. एक टाकीच्या श्वासाला. एक पेटीत वारा यायला. आणि एक, पेटीच्या तळापर्यंत नळी सोडून, खाली साचेल ती वाफ बाहेर न्यायला. पेट्रोल भरायचं तोंडही पेटीतून वर होडीच्या काठावर आलं. झाकणाचं रबर विश्रामने स्वतःच ओढून काढलं.

ऊन उतरलं. त्याने गादी झटकून परत ठेवली. वाकून वास घेतला.

"आता तिला वास येणार," तो हळूच म्हणाला.

"येऊ दे."

"मळमळलं तर? पुन्हा नाही बसायची ती. मावशीचं काही खरं नाही, चाचा…"

चाचांनी लुंगी झटकली. डबा काखेत मारला. वाळूतून चार पावलं गेले… आणि वळले.

"लिंबू घे बरोबर. चोखायला दे तिला. हुंगायला देऊ नको. नाक मोकळं राहू दे तिचं, गळती झाली तर तेच आधी सांगेल."