प्रधानाची गादी आणि दोन विडे

एका राज्यात प्रधानाची गादी रिकामी होती, आणि रिकामी असूनही तिच्यावर कोणाला बसता येत नव्हते.

त्या राज्याची रीत अशी होती, की प्रधान नेमायचा तो दसऱ्याला, भर दरबारात. राजाने आपल्या हाताने त्याला वस्त्रे द्यायची, शिक्का आणि कट्यार द्यायची, आणि शेवटी विडा द्यायचा. विडा घेतला की माणूस प्रधान झाला. मग त्या प्रधानाने न्यायाधीश नेमायचा, किल्लेदार नेमायचे, धरणाच्या दारांवर राखणदार नेमायचा. चाकरी सरली की राजाने पुन्हा एक विडा द्यायचा, तो निरोपाचा. तो घेतला की माणूस मोकळा झाला.

रुद्रनाथ नावाच्या प्रधानाने दोन राजांची चाकरी केली. आताचा राजा जयकेतू लहानपणी त्यांच्याच खांद्यावर बसून दरबार पाहायला शिकला होता. रुद्रनाथ आजारी पडले आणि एका सकाळी त्यांनी अंथरुणावरच दरबारी वस्त्रे चढवायला सांगितली. पगडी घातली, दाराकडे तोंड करून बसले. संध्याकाळी ते गेले. राजा त्या दिवशी वाड्यावर आला नाही. का आला नाही, हे राजाला कोणी विचारत नाही.

त्यांची मुलगी केतकी तेव्हा उशाशी होती. त्या दिवसाची आठवण ती काढत नसे.

पुढे दसरा आला. राजाने आधी नरहरशास्त्र्यांना वस्त्रे दिली. शास्त्रीबुवा विद्वान होते. ते गादीवर बसले आणि पोपट झाले. मग हैबतराव सरदारांना दिली. ते छाती काढून बसले आणि कोंबडा झाले. दरबारात कोणी पुढे होईना. तेव्हा केतकीचा नवरा सारंगधर उठला. तो पाटबंधाऱ्यांचा कारभार पाहत असे, शांत माणूस होता.

केतकीने चिकाच्या पडद्याआडून खूण केली, नको.

"सासऱ्यांची गादी आहे," तो हसून हळूच म्हणाला. "जावयाचा मान ठेवतील."

तो बसला, आणि निळा खंड्या होऊन खांबावर जाऊन बसला.

त्यानंतर राजाने कोणाला नेमले नाही. गादीपाशी रुद्रनाथांचे जोडे होते तसेच ठेवलेले होते. राजा ते रोज स्वतःच्या उपरण्याने पुसत असे आणि काही अडले की म्हणत असे, "प्रधानांना विचारू." दरबारी माना खाली घालत. न्यायाधीश काशीला निघून गेला, त्याच्या जागी कोणी नेमता येईना. किल्लेदार म्हातारे होते, त्यांना बदलता येईना. धरणाची दारे गंजून मिटली. तिन्ही पक्षी दरबारातच राहत, बोलत, भांडत.

"राज्यकारभाराचा तिसरा अध्याय असे सांगतो..." पोपट सुरू होई.

"तुमच्या तिसऱ्या अध्यायावर मिरची ठेवा आणि खा," कोंबडा ओरडे. "मला घोडा द्या!"

"बसाल कुठे? शेपटीवर?"

खंड्या मात्र केतकीच्या खांद्यावर बसून घरी येई. सुरुवातीला त्याला सगळे आठवत होते. मग पाटांची नावे गेली. मग परसातल्या आंब्याचे नाव गेले, जो दोघांनी लग्नाच्या वर्षी लावला होता आणि ज्याला ते भोळा म्हणत. पुढचा दसरा जवळ आला तेव्हा एका सकाळी त्याने तिच्याकडे मान वाकडी करून पाहिले आणि आदराने विचारले, "आपण कोण, बाई?"

केतकीने त्याला दाणे घातले. तो मासे खाणारा पक्षी, दाण्यांना शिवला नाही. मग तिने पदर खोचला, त्याला खांद्यावर घेतले, वडिलांची काठी हातात घेतली आणि सावळ्या डोंगरावरच्या काजळी चेटकिणीकडे गेली.

काजळी उन्हात बसून ढग पिंजत होती. पिंजलेला ढग टोपलीत भरत होती.

"दसऱ्याचा सूर्य मावळला की हे तिघे बोलणं विसरतील," ती मान वर न करता म्हणाली. "मग पक्षी ते पक्षीच."

"उपाय?"

"विडा. पान हवं नागखडकावरच्या वेलीचं. सुपारी हवी मुक्या पोफळीची. चुना हवा थांबलेल्या तळ्यातल्या शिंपल्यांचा. कात घरचा चालेल."

"आणि विडा लावल्यावर?"

"राजाच्या हातात दे. द्यायचा कोणाला, ते त्याला ठाऊक आहे."

"त्याला ठाऊक असतं तर मी इथं आले असते का?"

"ठाऊक असणं वेगळं, देणं वेगळं," काजळी म्हणाली, आणि पुढचा ढग ओढला.

नागखडकावर वेल होती आणि वेलीखाली म्हातारा नाग होता. त्याच्या अंगाची चमक गेली होती.

"पान देईन," नाग म्हणाला. "काठी दे."

"सापाला काठी कशाला?"

"पोरी, म्हातारपणी वेटोळं सैल पडतं. गुंडाळायला काहीतरी लागतं."

ती वडिलांची काठी होती. मुठीपाशी त्यांच्या बोटांनी लाकूड झिजले होते, आणि त्या खळग्यांत केतकीची बोटे बरोबर बसत नसत, तरी ती तिथेच धरत असे. तिने काठी दिली. नागाने तिच्याभोवती वेटोळे घातले, सुस्कारा सोडला, आणि वेलीने आपणहून एक पान खाली टाकले.

मुकी पोफळ समुद्राकाठी होती. ती आभाळात इतकी उंच गेली होती की तिच्या शेंड्याला वाऱ्याचा आवाज पोचत नसे. तिच्या बुंध्याशी एक रावा, रानातला पोपट, बसला होता.

"चढू नका," रावा म्हणाला. "चढणारे अजून उतरले नाहीत. जो शब्द तुम्ही बोलायचा सोडला आहे, तो मोठ्याने बोला. ती वाकेल."

केतकीने पुष्कळ शब्द बोलून पाहिले. नवऱ्याचे नाव घेतले, जे बायका घेत नाहीत. पोफळ हलली नाही. देवाचे नाव घेतले. पोफळ हलली नाही.

"शब्द लहान असावा," रावा म्हणाला. "मोठे शब्द लोक विसरत नाहीत."

केतकी समुद्राकडे वळली. मग म्हणाली, "बाबा."

पोफळ वाकली. इतकी वाकली की सुपारीचा घोस तिच्या ओंजळीत आला. तिने एक सुपारी घेतली आणि बाकी सोडल्या. खंड्याने खांद्यावरून विचारले, "बाई, आपल्याला रडू येतंय का?"

"वारा आहे," केतकी म्हणाली.

थांबलेल्या तळ्याचे पाणी कधी हलत नसे, म्हणून त्यात पडलेली प्रतिबिंबे जात नसत. जे कोणी कधी काठावर वाकले, ते सगळे आत होते. एक धनगर होता, एक नवरी होती, पाणी पिणारे हरीण होते. आणि पगडी सारखी करणारे रुद्रनाथ होते, तरुण, दाढी काळीभोर. कधीतरी ते या वाटेने गेले असणार.

शिंपले तळाशी होते. पाण्यात हात घातला की प्रतिबिंबे मोडणार होती.

"मी जातो," खंड्या म्हणाला. "बुडी मारणं मला येतं. पाणी जेमतेम हलेल."

तो सूर मारून गेला. थोड्या वेळाने चोचीत मासा घेऊन वर आला, आनंदाने तो गिळला आणि म्हणाला, "छान तळं आहे. आपण इथं कशाला आलो?"

केतकीला हसू आले. हसता हसताच तिने एकदा वडिलांकडे पाहून घेतले, नीट, कपाळापासून हनुवटीपर्यंत. मग ती पाण्यात उतरली. पगडी मोडली, दाढी मोडली, नवरी आणि हरीण एकमेकांत मिसळले. तिने ओंजळभर शिंपले वर आणले, काठावर चूल पेटवून भाजले, आणि चुना पदराच्या टोकाला बांधला. मागे तळ्यावर साध्या लाटा उठत होत्या.

दसऱ्याचा दरबार भरला होता. तोरणे होती, तरी नगारे गप्प होते. केतकी आत आली तेव्हा ऊन पश्चिमेच्या खिडक्यांतून येऊ लागले होते.

"आल्या!" कोंबडा म्हणाला. "पाय चिखलाचे, म्हणजे मोहीम फत्ते!"

"चिखल हे फत्तेचं प्रमाण नव्हे," पोपट म्हणाला. मग थांबला आणि घाबरून पुटपुटला, "प्रमाण म्हणजे काय?"

केतकीने दरबारात बसून विडा लावला आणि राजाच्या हातात दिला. राजाने विड्याकडे पाहिले. विड्याला पहाटेच्या मळ्यासारखा वास येत होता. तो उभा राहिला.

"केतकीताई," तो म्हणाला, "पान तुम्ही आणलंत. चिकाटी प्रधानाची आहे, रक्त प्रधानाचं आहे. हा विडा तुमचा. गादीवर बसा."

दरबारात कुजबूज झाली. आजवर बाई कधी प्रधान झाली नव्हती. केतकीने हात पुढे केला.

हात पुढे करताना तिचे लक्ष स्वतःच्या तळव्याकडे गेले. उताणा, बोटे किंचित वळलेली, काहीतरी घेण्यासाठी थांबलेला. असा हात तिने पूर्वी पाहिला होता. पगडी घालून, दाराकडे तोंड करून, तिचे वडील असाच हात गुडघ्यावर उघडा ठेवून बसले होते. संध्याकाळी तो तिनेच मिटला होता.

तिने हात मागे घेतला.

"महाराज, हा विडा माझा नाही."

"मग कोणाचा?"

"त्यांचा." तिने गादीकडे पाहिले. "गादी रिकामी नाही. त्यांना रजा मिळालेली नाही. रजा नसता प्रधान जागा सोडत नाहीत, हे आपणच पाहत आलात. त्यांच्या मांडीवर जो बसेल त्याला उडून जावं लागेल, नाहीतर काय करील तो?"

राजाचा चेहरा उतरला. मग लाल झाला.

"ताई, पुरे."

"त्यांनी सकाळपासून हात उघडा ठेवला होता."

"मला ठाऊक आहे!" राजा ओरडला. नगारखान्यातली कबुतरे उडाली. मग तो अगदी हळू बोलला. "निरोप आला होता मला. घोडा तयार होता. मी चढलो, आणि पुन्हा उतरलो. मी जाऊन विडा दिला असता, तर ते गेले असते."

"आपण गेला नाहीत," केतकी म्हणाली, "तरी ते गेले, महाराज. फक्त थकून गेले."

खिडकीतले ऊन गादीच्या पायरीवरून सरकत वर चढले. खांबावर खंड्या शीळ घालू लागला होता, आणि त्या शिळेत शब्द उरला नव्हता.

राजा सिंहासनावरून उतरला. मुकुट काढून त्याने खाली ठेवला. गादीपाशी जाऊन, लहानपणी बसत असे तसा, तो त्या जोड्यांजवळ जमिनीवर बसला. दोन्ही हातांनी विडा वर धरला.

"प्रधानजी," तो म्हणाला. "आपली चाकरी पावली. राज्य आपल्या उपकारात आहे. मीही आहे. रजा आहे."

विडा त्याच्या हातातून उचलला गेला. कोणी उचलला ते दिसले नाही.

मग जोडे उठले. उजवा आधी, डावा मागून, रुद्रनाथांची चाल सगळा दरबार ओळखत होता. जोडे गादीची पायरी उतरले, राजापाशी क्षणभर थांबले, केतकीपाशी जरा जास्त थांबले. मानकरी उभे राहिले आणि एकेक करून मुजऱ्याला वाकत गेले. उंबऱ्याशी रुद्रनाथ नेहमी वळून एकदा दरबार पाहत. जोडे वळले. मग बाहेर गेले, आणि बाहेर ऊन होते.

"कुकूच..." कोंबडा आरवू लागला आणि अर्ध्यातच हैबतराव सरदार होऊन खाली कोसळला. "घोडा!" तो तसाच म्हणाला.

"आधी माझ्या अंगावरून उठा," खालून नरहरशास्त्री म्हणाले.

केतकी खांबाकडे पाहत होती. खांबाला मिठी मारून एक माणूस लटकला होता, खाली कसे उतरावे या विचारात. त्याच्या मिशीला माशाचा खवला चिकटला होता.

तो उतरला. तिच्याकडे मान वाकडी करून त्याने पाहिले.

"केतकी," सारंगधर म्हणाला, "भोळ्याला पाणी घातलंस का? वर्षभर माझ्या लक्षातच नाही."

"घातलं," ती म्हणाली. "मोहोर धरलाय."

"दसऱ्याला?"

"अहो, या राज्यात काय सांगावं?"

मग राजाने मुकुट घातला आणि नव्या पानाचा, नव्या सुपारीचा विडा मागवला. वाड्यातलेच पान, बाजारातलीच सुपारी. त्याने केतकीला वस्त्रे दिली, शिक्का दिला, कट्यार दिली आणि विडा दिला. ती गादीवर जाऊन बसली, आणि माणूसच राहिली.

"बघा!" हैबतराव शास्त्र्यांना कोपर मारून म्हणाले. "आम्हाला पिसं फुटली, आणि ह्या बसल्या की गादीला शोभा आली."

नगारे वाजले. असे वाजले, की गंजलेली धरणाची दारे आपोआप उघडली आणि पाटांतून पाणी धावत सुटले. त्याच बैठकीत केतकी प्रधानांनी न्यायाधीश नेमला, म्हाताऱ्या किल्लेदारांना सन्मानाने घरी पाठवून नवे किल्लेदार नेमले, पाण्याचा कारभार ज्याचा त्याला परत दिला. हैबतरावांना घोडा मिळाला. शास्त्रीबुवांना तिसरा अध्याय आठवला आणि तो त्यांनी पूर्ण ऐकवला. त्या दिवशी सगळ्यांनी ऐकून घेतला.

रुद्रनाथांच्या वाड्यातली आठवण मग केतकी काढू लागली. ती आता रिकाम्या हाताची आठवण नव्हती.

त्या राज्यात तेव्हापासून दसऱ्याच्या तबकात दोन विडे ठेवतात, एक येणाऱ्याचा, एक जाणाऱ्याचा. राजा कितीही घाईत असो, आधी जाणाऱ्याचा देतो. मगच नगारे वाजतात, मगच नवा माणूस गादीवर बसतो, आणि मगच आपणही उठून आपल्या घरी जायचे.