जिना आणि गुडघे

आमच्या घराण्याचं सगळं धैर्य आडनावातच संपलं, असं जयवंतराव धैर्यवान स्वतःच सांगत. सरकारी माणूस दारात दिसला, की त्यांना घाम फुटायचा. त्यात गिरगावातलं त्यांचं घर वारसा वास्तूंच्या यादीत गेलेलं. खिळा ठोकायचा तरी परवानगी लागायची.

जिन्याच्या पायऱ्या वाळवीने पोखरल्या, तेव्हा त्यांनी नव्या सागवानी फळ्यांसाठी अर्ज केला. पाहणीला वारसा समितीचे उकिडवे साहेब आले. जिना चढायची त्यांचीही छाती झाली नाही, खालूनच म्हणाले, "फळ्या बदलता येणार नाहीत. मूळ भाग काढला, की वास्तू मूळ राहत नाही."

"मग साहेब, माझा अर्जही फेटाळा," जयवंतराव चाचरत म्हणाले. "तो मूळ मालकाने करायचा असतो. माझे दोन्ही गुडघे स्टीलचे, दात कवळीचे, डोळ्यांतली भिंगं जर्मनीची. मूळ जयवंत धैर्यवान आता उरलाय कुठे?"

उकिडवे साहेबांना हसू आवरेना. "अहो, गुडघे बदलले म्हणून माणूस बदलतो का?"

"तेवढंच जिन्याबद्दल लिहून द्या ना, साहेब."

साहेबांचं हसू मावळलं. मग त्यांनी अर्जावर मंजुरीची सही केली आणि जाता जाता कडक आवाजात बजावलं, "दर्शनी भागाला मात्र हात लावायचा नाही."

जयवंतरावांनी टकलावरून हात फिरवला.

"तिथलं पाडकाम तर कधीच झालंय, साहेब."