जात्याविना जोंधळा

पुष्कळ जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्या राज्याचं नाव विचाराल तर मलाच काय, कोणालाच सांगता यायचं नाही. पोरांनो, तुम्ही ऐका. आणि पोरांच्या आईबापांनो, तुम्ही जरा जास्त कान देऊन ऐका. कारण या गोष्टीतली चूक पोरांनी केलेली नाही. चांगल्या शिकल्यासवरलेल्या, डोकं शाबूत असलेल्या माणसांनी केली आहे.

त्या राज्यात सलग दोन वर्षं पाऊस पडला नाही. विहिरी आटल्या, शेतं करपली, गुरं दावणीला मेली. राजा मनाचा चांगला होता. त्याने धान्याची कोठारं उघडली आणि हुकूम सोडला, "राज्यात जे खरे गरीब असतील, त्यांच्या घरी जोंधळ्याचं एकेक पोतं पोचतं करा."

हुकूम झाला खरा, पण खरा गरीब ओळखायचा कसा? राजाने दरबाराला विचारलं. आता त्या दरबारात उभ्या जन्मात उपाशी राहिलेलं माणूस एकही नव्हतं. एकादशीला दूध-रताळी खाऊन राहिलेले होते, पण त्याला काही उपाशी म्हणत नाहीत. तरी सगळ्यांनी चटकन उत्तर दिलं.

"सोपं आहे, महाराज! ज्याच्या घरात काहीच नाही तो गरीब. ज्याच्याकडे जातं आहे, पितळेचा हंडा आहे, अंगावर घ्यायला धड वाकळ आहे, तो कसला गरीब?"

राजाला ते पटलं. नियम ठरला. गरिबाच्या दारावर गेरूची खूण करायची आणि जो गरीब नाही त्याच्या दारावर चुन्याची. गेरूच्या दारी धान्य उतरायचं, चुन्याच्या दारावरून गाडी पुढे जायची.

हे काम दिलं विसाजीपंतांना. माणूस सरळ होता हो. लाच घेणार नाही, कोणाच्या तोंडाकडे बघून निकाल फिरवणार नाही. फक्त एक खोड होती, स्वतःच्या नजरेवर फार विश्वास. "उंबऱ्यात एक पाय ठेवला की घर कसं आहे ते मला कळतं," असं ते चारचौघांत सांगत. एवढ्या मोठ्या नजरेच्या माणसाने गरीब पाहिला होता तो मात्र देवळाच्या भिंतीवरच्या चित्रात. चित्रातला गरीब मोडक्या खोपटात बसलेला, अंगावर चिंध्या आणि हातात फुटका वाडगा. पंतांच्या मनात गरीब म्हटलं की तोच.

फिरत फिरत पंत डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या एका गावात आले. चाळीस घरांचं गाव. पहिलंच घर भिवरा नावाच्या बाईचं. नवरा मागच्या उन्हाळ्यात तापाने गेलेला. घरात तिची म्हातारी सासू आणि पाच वर्षांची मुलगी मंजुळा. सासूच्या तोंडात एकही दात उरला नव्हता. भिवरा तिला आत्याबाई म्हणे.

पंतांनी उंबऱ्यात पाय ठेवला आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. जमीन स्वच्छ सारवलेली. कोपऱ्यात दगडी जातं. वळचणीखाली पितळेचा हंडा, असा घासलेला की त्यात तोंड दिसावं. दांडीवर वाकळ, नीट घडी घातलेली.

भिवराने त्यांना बसायला पोतं टाकलं. तांब्याभर पाणी दिलं आणि पाण्याबरोबर बोटभर गुळाचा खडा पुढे केला. दारी आलेल्याला नुसतं पाणी द्यायचं नाही ही त्या गावची रीत. तो घरातला शेवटचा खडा होता. मंजुळा तो खडा पंतांच्या तोंडात जाईपर्यंत टक लावून बघत होती. पंतांनी ते पाहिलं नाही. त्यांनी गूळ पाहिला.

"अरे वा, गूळसुद्धा आहे!" ते म्हणाले. "जातं आहे, हंडा आहे, वाकळ आहे. बाई, तुम्ही गरीब नाही. लाव रे चुना."

भिवराला वाटलं पंत थट्टा करतायत. शिपाई खरोखरच चुन्याचा डबा घेऊन पुढे झाला तेव्हा तिचा चेहरा उतरला.

"पंत, चार दिवस चूल पेटलेली नाही हो," ती म्हणाली. "पोरगी झाडपाला चावून खातेय."

"मग हंडा एवढा लखलखीत कसा?"

"त्यात काही शिजत नाही म्हणून! काळा व्हायला खाली जाळ लागतो, पंत. पाणी कोसभरावरच्या झऱ्यावरून आणते, तेवढ्यापुरता तो."

"मग विका. अडीनडीला वस्तू विकतात."

"गाव सगळं विकायला बसलंय, घेणारा कोण? आणि विकला, चार दिवस खाल्लं, तर पाचव्या दिवशी पाणी काय ओंजळीत आणू? पंत, जातं काही चावून खाता येत नाही. ते घरात आहे म्हणून पोटात काही आहे असं होतं का?"

कोपऱ्यातून आत्याबाई बोलल्या. आवाज खोल गेलेला, पण जीभ शाबूत. "ते जातं माझ्या सासूच्या सासूचं आहे. आमच्या घरी चांगले दिवस होते कधीकाळी, एवढंच ते सांगतंय. आज काय आहे ते आम्हाला विचारा की!"

पंतांना राग आला. नियम दरबाराने केलेला आणि ही माणसं त्यांनाच शहाणपण शिकवतायत! ते तडक उठले. "नियम म्हणजे नियम. मी पंधरा दिवसांनी पुन्हा येईन. परिस्थिती बदलली असेल तर बघू."

चाळीसच्या चाळीस घरांवर चुना लागला. कोणाकडे जातं होतं, कोणाकडे हंडा, कोणाकडे दोन्ही. एका घराने काटक्यांच्या ढिगात हंडा दडवला होता. शिपायाने ढिगात भाला खुपसला, आतून ठण्ण आवाज आला आणि त्या बिचाऱ्यांची गावभर नाचक्की झाली. आता लपवून भागणार नाही हे सगळ्यांना कळलं.

पंत गेले आणि गावाने विचार केला. उपाशी माणसं जसा विचार करतात, तसा. रागावू नका त्यांच्यावर. घरात काहीच नसेल तरच धान्य मिळणार ना? मग घरात काहीच ठेवायचं नाही!

जुनी भांडी मोडीत घेणाऱ्या व्यापाऱ्याला कुठून वास लागला देव जाणे. तिसऱ्या दिवशी तो बैल घेऊन हजर. ओंजळभर फुटाण्यांवर एकेक हंडा त्याने उचलला. कळशा गेल्या, तांबे गेले, वाकळाही गेल्या. राहिली जाती. दगडाची जाती कोण घेणार? ती लोकांनी टेकडीच्या कड्यावर नेली आणि खाली लोटून दिली; तळाशी त्यांचे तुकडे झाले.

भिवराचं जातं शेवटचं. तिने ते लोटलं तेव्हा आत्याबाईंनी घरात कानांवर हात ठेवले होते. तरी आवाज ऐकू आलाच. 

पंधरा दिवसांनी पंत आले आणि बघतच राहिले. घरंच्या घरं रिकामी! भिंती, जमीन आणि माणसं. अगदी देवळातल्या चित्रासारखी. खरं सांगायचं तर पंतांना बरंच वाटलं. मागच्या खेपेला आपली नजर चुकली की काय, ही रुखरुख त्यांना होती. ती मिटली. "तेव्हा गरीब नव्हते, आता झाले," ते शिपायाला म्हणाले. "पाहिलंस? म्हणून फेरपाहणी करावी." चाळीसच्या चाळीस दारांवर गेरू लागला. भिवराने मान वर करून त्यांच्याकडे पाहिलंही नाही.

चार दिवसांत गाड्या आल्या. दर घरी एक पोतं, टपोऱ्या, कडक, पांढऱ्याशुभ्र जोंधळ्याचं.

पंत राजधानीत परतले. राजाने पाठ थोपटली. पण पंतांना चैन पडेना. आपण ज्यांना अन्न दिलं त्यांचे हसरे चेहरे एकदा बघावेत, असं त्यांना फार वाटायला लागलं. दहा-बारा दिवसांनी ते घोड्यावर बसून पुन्हा त्या गावाकडे निघाले. गावकरी ओवाळतील, भाकरी खाऊ घातल्याशिवाय सोडणार नाहीत, असं सगळं मनात रंगवत ते वेशीवर पोचले.

स्वयंपाकाची वेळ होती. एकाही घरातून धूर निघत नव्हता.

पंतांनी घोडा थांबवला. पोरांचा आवाज नाही, जात्याची घरघर नाही. एक माणूस दारात बसून दोन दगडांमध्ये चारचार दाणे ठेवून ठेचत होता. अर्धे दाणे उडून मातीत जात होते आणि तो ते वेचून पुन्हा दगडावर ठेवत होता. पंत जवळ गेले, तरी त्याने हातातलं काम सोडलं नाही.

पंत जवळजवळ धावतच भिवराच्या घरात शिरले. भिंतीला टेकून पोतं उभं होतं. तोंड सोडलेलं, पण जोंधळा मूठ-दोन मुठीच कमी झालेला. पोत्याशेजारी मंजुळा बसली होती. ती कच्चे दाणे चावत होती. हिरड्या सोलवटून ओठांवर रक्त आलं होतं. तरी पोरगी चावत होती.

"अहो, हे काय?" पंत ओरडले. "धान्य आहे की घरात! दळा, भाकऱ्या करा!"

"कशावर दळू?" भिवरा म्हणाली.

पंतांनी पोत्यातले मूठभर दाणे उचलून पाहिले.

"पीठ कशावर दळू, पंत? गावात एक जातं उरलेलं नाही. शिजवायचं म्हणाल, तर कशात? पाणी आणायला भांडं नाही, झऱ्यावर पदर भिजवून आणते आणि पोरीला तो चोखायला देते मी. कुंभार पाण्यापायी गाव सोडून गेला. खापराच्या तुकड्यावर दाणे भाजते. ज्यांना दात आहेत ती फोडून खातात."

"आणि तुमच्या सासूबाई?" पंतांनी विचारलं. विचारताना त्यांची नजर कोपऱ्याकडे गेली. कोपरा रिकामा होता.

"परवा गेल्या," भिवरा म्हणाली. "ठेचून भरड भरवली, ती घशात अडकायची, खाली ढकलायला पाणी नसायचं. शेवटी म्हणाल्या, मला नको, पोरीला दे. पोत्याला डोकं टेकूनच गेल्या. पंत, आम्ही पाला खात होतो ना, तेव्हा त्या जगल्या. हंड्यातल्या पाण्यात पाला कुस्करून ते पाजत होते मी. तुम्ही अख्खं पोतं भरून जोंधळा दिलात आणि त्या उपाशी मेल्या."

 पंत तिथेच, सारवण उखडलेल्या जमिनीवर बसले.  गावात त्या आठवड्यात अशा पाच म्हाताऱ्या आणि दोन तान्ही पोरं गेली होती. सगळ्यांच्या घरात भरलेली पोती होती.

पंत उठले ते थेट दरबारात. धुळीने भरलेल्या कपड्यांनिशी ते राजासमोर उभे राहिले आणि जे पाहिलं ते सगळं त्यांनी सांगितलं. काही लपवलं नाही, स्वतःचा चुन्याचा डबासुद्धा नाही.  राजा सिंहासनावरून उठून उभा राहिला.

"आपण त्यांना अन्न दिलं ना?" तो पुन्हापुन्हा विचारत होता. "अन्न दिलं ना आपण?"

"दिलं, महाराज," पंत म्हणाले. "पण ते देण्याआधी, ज्यात ते शिजवायचं तेच त्यांच्याकडून काढून घेतलं. हंडा म्हणजे श्रीमंती असं आपल्याला वाटलं. हंडा म्हणजे पाणी होतं. जातं म्हणजे भाकरी होती. आपण त्यांना मदतीसाठी पात्र केलं आणि जगण्यासाठी नालायक करून ठेवलं."

एक दरबारी चाचरत म्हणाला, "पण मग... गरीब ओळखायचा तरी कसा?"

"विचारून!" पंत कडाडले. दरबारात इतक्या मोठ्याने ते जन्मात बोलले नव्हते. "काल काय खाल्लंत आणि उद्या काय खाणार, एवढं विचारायचं! त्या म्हातारीने मला तेच सांगितलं होतं. मी तिच्याकडे पाहिलं नाही, तिच्या जात्याकडे पाहिलं."

राजाने त्याच दिवशी नियम मोडीत काढला. त्याच्या मुदपाकखान्यातली भांडी आणि राजधानीतले पाथरवट घेऊन पंत गावोगाव फिरले. अशी किती गावं रिकामी झाली होती, ते तेव्हा कळलं. पंतांनी पुढे कधी कोणाच्या दारावर खूण केली नाही.

भिवराच्या घरी नवं जातं त्यांनी स्वतः पाठीवर वाहून नेलं. तिने जोंधळा दळला, भाकऱ्या थापल्या. एक मंजुळाला दिली, एक पंतांना वाढली, एक स्वतः घेतली. सवयीने थापलेली चौथी भाकरी तव्यावर फुगली. ती तिने हातात धरली आणि पंतांकडे पाहिलं.

"ही कोणाला वाढू, पंत?"

 पंतांनी आपल्या समोरची भाकरी न मोडताच मंजुळापुढे सरकवली.

म्हणून लक्षात ठेवा: कोणाच्या घरात काय मांडलेलं आहे ते बघून त्याची गरिबी ठरवू नये, त्याच्या पोटात काय आहे ते त्यालाच विचारावं.