दगडावरची चिमूट

एक होतं परस. घराच्या मागं, मोरीच्या पलीकडं. एवढंसं, आईच्या पदराएवढं.

परसात होता मेथीचा वाफा. वाफ्याच्या कडेला एक दगड. दगडाशेजारी शेवग्याचं झाड. आणि झाडाच्या ढोलीत राहायची खारुली.

खारुली म्हणजे खारीचं पिल्लू. अंग अंगठ्याएवढं, आणि शेपूट मात्र ही एवढी! चालायची तुरुतुरु, तुरुतुरु. बोलायची चिक् चिक्.

थंडीचे दिवस होते. माळावरचं गवत वाळलं होतं. झाडांच्या शेंगा सरल्या होत्या. पण खारुलीला काळजी नव्हती. का नव्हती? सांगते, ऐका.

रोज सकाळी त्या दगडावर मेथीची एक चिमूट असायची. हिरवीगार. दवानं ओली. कोण ठेवायचं? खारुलीला ठाऊक नव्हतं. ती आपली झाडावरून उतरायची, सुर्रकन्. चिमूट खायची, कुटूकुटू. पोट भरायचं.

एक दिवस खारुली उतरली, सुर्रकन्. पाहते तर काय? दगडावर चिमूट नाही! नुसता गार गार दगड.

"विसरलं असेल कुणी," खारुली म्हणाली. आणि उपाशीच झोपली.

दुसऱ्या दिवशी उतरली, सुर्रकन्. आजही चिमूट नाही. खारुलीचं पोट खपाटीला गेलं. तिनं वाफ्याकडं पाहिलं. अरे देवा! मेथीनं मान टाकली होती. पानं सगळी मातीवर लोळत होती.

"मेथीताई, मेथीताई, चिमूटभर पाला दे. पोटात कावळे कोकलतात गं!"

मेथी हळूच बोलली. "कुठून देऊ बाई? पाट भरेल, तर मी डोलेन. पाट भरेना, मी डोलेना. शेंड्याचं हे एक पान तेवढं हिरवं उरलंय. घे, तूच खा."

खारुलीनं पान पाहिलं. तोंडाला पाणी सुटलं. पण तिनं मान हलवली.

"नको गं. एवढं एक तरी तुझं तुला राहू दे. मी पाटाकडं जाते."

खारुली निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

पाट म्हणजे पाण्याची चिमुकली वाट. मोरीपाशी निघायची, वाफ्यात शिरायची. आज ती वाट कोरडी ठाक होती.

"पाटदादा, पाटदादा, भर ना रे!
मेथी डोलेना,
खारुली उपाशी!"

पाट म्हणाला, "मोरी वाहील, तर मी भरेन. मोरी वाहेना, मी भरेना. जा बाई, पुढं जा."

खारुली गेली. तुरुतुरु, तुरुतुरु.

मोरी होती घराच्या मागच्या दाराशी. तिथं भांडी घासायची, तिथंच विसळायची. त्याच पाण्यावर परस हिरवं व्हायचं. आज मोरीत एक थेंब नव्हता.

"मोरीमावशी, मोरीमावशी, वाह ना गं!
पाट भरेना,
मेथी डोलेना,
खारुली उपाशी!"

मोरी म्हणाली, "भांडी वाजतील, तर मी वाहीन. भांडी वाजेनात, मी वाहेना. जा बाई, पुढं जा."

खारुली गेली. तुरुतुरु, तुरुतुरु.

भांडी होती फळीवर. तवा, परात, पातेलं. सगळी पालथी. सगळी गप्प.

"भांड्यांनो, भांड्यांनो, वाजा ना रे!
मोरी वाहेना,
पाट भरेना,
मेथी डोलेना,
खारुली उपाशी!"

तवा सगळ्यांत जुना. तोच बोलला. "चूल पेटेल, तर आम्ही वाजू. चूल पेटेना, आम्ही वाजेना. जा बाई, पुढं जा."

खारुली गेली. तुरुतुरु, तुरुतुरु.

चूल होती कोपऱ्यात. खारुलीनं तिला हात लावला. गार! राखसुद्धा गार.

"चूलआजी, चूलआजी, पेट ना गं!
भांडी वाजेनात,
मोरी वाहेना,
पाट भरेना,
मेथी डोलेना,
खारुली उपाशी!"

चूल म्हणाली, "आई उठेल, फुंकर घालेल, तर मी पेटेन. आई उठेना, मी पेटेना. जा बाई, पुढं जा."

खारुली गेली. तुरुतुरु... तुरु... तुरु. आता तिचे पायही दमले होते बिचारीचे.

आई बसली होती आतल्या खोलीत. गोधडीच्या शेजारी. गोधडीत होती तिची लेक, बकू. बकूला ताप आला होता. औषध झालं. ताप उतरला. पण बकू काही खाईना. दूध दिलं, बकूनं तोंड फिरवलं. गूळ दिला, तोंड फिरवलं. बाबांनी बाजारातून लालचुटुक सफरचंद आणलं, तरी तोंड फिरवलं.

"बकूच्या आई, बकूच्या आई, उठा ना हो!
चूल पेटेना,
भांडी वाजेनात,
मोरी वाहेना,
पाट भरेना,
मेथी डोलेना,
खारुली उपाशी!"

आईनं पदरानं डोळे पुसले.

"बकू जेवेल, तर मी उठेन. बकू जेवेना, मी उठेना. लेकरू उपाशी असताना मी कुणासाठी चूल पेटवू, खारुताई?"

खारुलीनं आईकडं पाहिलं, बकूकडं पाहिलं. तिला वाटलं होतं, आपण एकटीच उपाशी. इथं तर सगळं घरच उपाशी होतं.

ती गोधडीवर चढली. हळूच. अगदी हळूच.

"बकू, बकू, जेव ना गं!
आई उठेना,
चूल पेटेना,
भांडी वाजेनात,
मोरी वाहेना,
पाट भरेना,
मेथी डोलेना,
खारुली उपाशी!"

बकूनं डोळे उघडले. ओठ तिचे सुकले होते.

"तोंड कडू झालंय," बकू म्हणाली. "दूध कडू. गूळ कडू. सगळं सगळं कडू. मी नाही जेवणार."

आता पुढं कुणाकडं जायचं? पुढं कुणीच नव्हतं. खारुली तिथंच बसली. बकूच्या हातापाशी.

तो हात एवढासा. बोटं बारीक बारीक. खारुलीनं नाक लावलं. हुं हुं, हुं हुं. वास कसला येतोय? मेथीचा! अगदी थोडा, पण मेथीचाच.

"म्हणजे? दगडावर चिमूट तू ठेवायचीस?"

"हो," बकू म्हणाली. "आई सांगते, पहिली चिमूट पाखरांची, खारींची. मग आपली." आणि तिचे डोळे भरून आले. "तुझी चिमूट राहिली ना गं? मला उठवतच नाही."

स्वतः अंथरुणात पडलेली, तोंडात घास नाही, आणि पोरीला काळजी कुणाची? तर खारीची!

खारुलीला रडू आलं. पण रडून का पोट भरतं? तिनं डोळे पुसले आणि विचार केला. दूध गोड, ते कडू लागतं. गूळ गोड, तो कडू लागतो. मग जे मुळातच कडू आहे, ते कसं लागेल? काट्यानं काटा काढतात ना? मग कडूनं कडू का नाही निघणार?

"थांब हं, बकू. आले मी!"

खारुली धावली. तुरुतुरु तुरुतुरु तुरुतुरु! चुलीवरून गेली. भांड्यांखालून गेली. मोरीतून गेली. पाटातून गेली. थेट मेथीपाशी.

"मेथीताई, मेथीताई, ते शेंड्याचं पान दे."

"खातेस ना? खा बाई, खा."

"मला नको. बकूला हवंय."

मेथीनं मान उचलली. जरा म्हणून जोर नव्हता, तरी उचलली. "मग ने. पण उपटू नकोस हं. घरची मेथी उपटत नाहीत, खुडतात. खुडलं की मी पुन्हा फुटते."

खारुलीनं पान खुडलं. खुट्!

पान तोंडात धरलं. हिरवा रस जिभेला लागला. पोट म्हणालं, खा. खारुली म्हणाली, नाही. पोट म्हणालं, अगं, थोडं तरी खा. खारुली म्हणाली, नाही म्हणजे नाही. ती पाटातून गेली. मोरीतून गेली. भांड्यांखालून गेली. चुलीवरून गेली. पान आख्खंच्या आख्खं.

बकूच्या आईनं तांब्यातल्या पाण्यानं पान धुतलं आणि बकूच्या जिभेवर ठेवलं.

बकूनं चावलं. एकदा चावलं. पुन्हा चावलं. आई बघत होती. खारुली बघत होती. चूल, भांडी, सगळी कान देऊन बसली होती.

बकूनं तोंड वाकडं केलं.

"कडू!" बकू म्हणाली.

आई पुढं वाकली.

"पण आई, हे तापाचं कडू नाही. हे आपल्या मेथीचं कडू आहे." बकूनं ओठ चाटले. मग हळूच म्हणाली, "आई, भूक लागली."

काय सांगू, बाळांनो! आई हसली की रडली, तिचं तिलाच कळलं नाही.

आई उठली. पदर खोचला.

आईनं फुंकर घातली, फू, फू, फू. चूल पेटली, धड् धड् धड्.

परातीत बाजरीचं पीठ पडलं. भाकरी थापली, थप् थप् थप्. तव्यावर टाकली. टम्म फुगली! आईनं ती दुधात कुस्करली, मऊ मऊ केली. बकूनं खाल्ली. एक घास चिऊचा नाही, काऊचा नाही. सगळे घास बकूचे.

जेवण झालं. भांडी वाजली, खण् खण् खण्.

भांडी वाजली, मोरी वाहिली, गुडूगुडू गुडूगुडू.

मोरी वाहिली, पाट भरला, झुळुझुळु झुळुझुळु.

पाट भरला, वाफा भिजला. मातीनं पाणी पिऊन घेतलं, गट् गट् गट्. मेथीनं एक पान उचललं. मग दुसरं उचललं. ऊन कलेपर्यंत सगळी मेथी उभी! वाऱ्यावर डोलायला लागली, इकडून तिकडं, तिकडून इकडं.

आणि खारुली? खारुली दगडावर बसली होती. शेपूट अंगाभोवती गुंडाळून. मेथी आत्ता कुठं उभी राहिली, तिच्याकडं लगेच कसं मागायचं, असं खारुलीला वाटलं. ती नुसती बसली होती.

मागचं दार वाजलं. कर्र.

बकूची आई बाहेर आली. कडेवर बकू. बकूच्या डोक्याला कानटोपी, अंगाला आईची शाल.

"आई, वाफ्यापाशी चल," बकू म्हणाली.

"अगं, गार वारा आहे. मी खुडते ना," आई म्हणाली.

"नको. माझ्या हातानं."

आई वाकली. बकूनं हात लांब केला. तिनं मेथीची चिमूट खुडली, खुट्. हिरवीगार. पाण्यानं ओली. आणि दगडावर ठेवली. बरोबर खारुलीच्या पुढ्यात.

"आधी तुझी," बकू म्हणाली. "मग माझी."

खारुलीनं चिमूट दोन्ही हातांत धरली. खाल्ली, कुटूकुटू, कुटूकुटू. इतकी गोड मेथी तिनं कधी खाल्ली नव्हती. आणि मेथी तर कडू असते, हो ना?

मग आईनं आपली चिमूट खुडली. टोपलीभर खुडली. संध्याकाळी लसणाची फोडणी बसली, चर्र! मेथीची भाजी झाली. बकूनं भाकरीबरोबर खाल्ली. बोटंसुद्धा चाटली.

आणि खारुलीनं खुडलेला तो शेंडा? थोड्या दिवसांत तिथं एकाच्या जागी दोन फुटवे आले. जा, बघून या.

बकू जेवली,
आई उठली,
चूल पेटली,
भांडी वाजली,
मोरी वाहिली,
पाट भरला,
मेथी डोलली,
खारुलीचं पोट भरलं!

गोष्ट झाली, चूल निवली. आता सांगा पाहू, उद्या सकाळी पहिली चिमूट कुणाची?