वाळूखालची ऊब

फार पूर्वी एका दूरच्या वाळवंटात थोडी जनावरं राहत होती. एके दिवशी तिथं माणसं आली. ज्या कचऱ्याला हात लावायला ती स्वतः भीत, तो त्यांनी पिंपांत भरून वाळूत खोल पुरला. बदल्यात त्यांनी पाण्याचा हौद बांधून दिला. जनावरांचा म्होरक्या कोल्हा खूश झाला.

थंडीत पिंपांवरची वाळू उबदार लागे, म्हणून सगळे तिथंच झोपू लागले. भुरकी नावाच्या घोरपडीने तिथंच अंडी घातली, पण एकातूनही पिल्लू बाहेर आलं नाही. ती हौदावर कोल्ह्याकडे धावली.

"दादा, त्या पुरलेल्या पिंपांपासून लांब निघून जाऊ या."

"पाणी सोडून? तिथं काही दिसत नाही, कसला वास नाही. घाबरतेस कशाला?"

"म्हणूनच घाबरते. साप दिसला तर पळता येतं. यापासून कुठं पळायचं?"

तेवढ्यात कोल्ह्याची गाभण कोल्हीण पोट सांभाळत आली.

"अहो," ती हळूच म्हणाली, "कालपासून पोटातलं हलत नाहीये."

पाणी पिणाऱ्या जनावरांनी तोंडं वर काढली. कोल्हा घोरपडीकडे वळला.

"भुरके, किती लांब जावं लागेल?"

भुरकीलाही ते ठाऊक नव्हतं. ती चालू लागली आणि एकेक जनावर तिच्या मागे निघालं.